झाडावर अस्वल

शनिवारी रात्री जेवणं झाली की आम्ही कोकणात फोन लावतो. तिकडे रविवारची सकाळ असते आणि आजोबांचा चहा नुकताच झालेला असतो. फेब्रुवारीतल्या अशाच एका शनिवारी आजोबा म्हणाले, "यंदा मोहर चांगला आहे बघ. मळभ आलं नाही तर आंबा बरा होईल. तुमच्या परसातल्या सफरचंदाला काय आलंय?"

आमची धाकटी नऊ वर्षांची. तिनं लगेच सांगून टाकलं, "काही नाही, आजोबा. झाड बेअर आहे."

"अस्वल? झाडावर अस्वल आहे?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. आजोबा जुन्या मॅट्रिकचे, त्यांना अस्वलाचा बेअर ठाऊक. धाकटीनं समजावायचा प्रयत्न केला. "तो बेअर नाही हो, दुसरा बेअर. बेअर म्हणजे... म्हणजे झाडावर नथिंग." त्यावर आजोबा "बरं, बरं" म्हणाले. मग अभ्यास कसा चाललाय आणि थंडी किती आहे हे नेहमीचे दोन प्रश्न झाले, आणि फोन आमच्या हातात आला. आजोबा-नातीचं बोलणं दीड मिनिटात संपलं.

हसू ओसरल्यावर दोन गोष्टी मनाला लागल्या. पहिली ही की आम्ही दोघंही तिथेच बसलो होतो आणि आम्हालाही पटकन शब्द सुचला नाही. 'निष्पर्ण' आठवला, पण तो पाठ्यपुस्तकातला. आजोबांनी तो उभ्या जन्मात तोंडानं उच्चारला नसेल. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना एकदम 'खराटा' आठवला. झाडाचा खराटा झालाय! एवढंच तर सांगायचं होतं.

दुसरी गोष्ट अशी की धाकटीचं उत्तरच चुकीचं होतं. रविवारी सकाळी तिला घेऊन झाडाजवळ गेलो. फांद्यांच्या टोकांना आणि आखूड काड्यांवर जाडसर, लव असलेल्या कळ्या होत्या. त्यांच्या खाली फांदीला चिकटलेल्या बारीक, चपट्या कळ्या. जाड कळीतून फूल येणार आणि बारीक कळीतून पान. झाडावर 'नथिंग' नव्हतं. पुढचं सगळं वर्ष तिथे बंद डबीत ठेवलेलं होतं. आम्ही रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते झाड बघतो आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं.

या अंकासाठी लिहायला बसलो ते त्यामुळे. विषय साधा आहे. फळझाड वर्षभरात कसकसं बदलतं हे सांगायला इंग्रजीत कोणते शब्द आहेत, मराठीत कोणते आहेत, आणि ते आपल्या मुलांना कसे शिकवावेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. हे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर करून शिकवू नयेत. दोन्ही भाषांतले शब्द झाडासमोर उभं राहून शिकावेत, आणि आपण पालकांनीही मुलांच्या बरोबरीनं शिकावेत. कारण आपलं इंग्रजीही आपण समजतो तितकं पक्कं नाही.

आमचंच उदाहरण घ्या. आम्ही मराठी शाळेत शिकलो, मग इंजिनिअरिंगची चार वर्षं इंग्रजीत काढली. ट्रान्सफॉर्मर, कम्पायलर, इंटरफेस हे शब्द झोपेतही बरोबर येतात. सिॲटलजवळ राहायला आलो तेव्हा पहिल्याच एप्रिलमध्ये शेजारच्या आजींचं झाड पांढरंशुभ्र झालं. कुंपणापलीकडे त्या दिसल्या तेव्हा आम्ही कौतुकानं म्हणालो, "मेनी फ्लॉवर्स हॅव कम टु युवर ट्री." आजी गोड हसल्या आणि म्हणाल्या, "येस, इट्स इन ब्लॉसम." त्यांनी चूक दाखवली नाही, पण आम्हाला ती कळली.

चूक कुठे होती? एक तर शब्दाची. 'फ्लॉवर' कुठल्याही फुलाला चालतो. 'ब्लॉसम' म्हणजे मुख्यतः झाडाची फुलं, त्यातही फळझाडाची. एका फुलालाही ब्लॉसम म्हणतात आणि झाडभर फुललेल्या सगळ्या फुलांना मिळूनही. 'ब्लूम' म्हणजे फूल, आणि उमललेलं असण्याची अवस्थाही. गुलाब 'इन ब्लूम' असतो. बागायतदार सफरचंदाच्या झाडालाही 'फुल ब्लूम' म्हणतात.

दुसरी चूक वाक्याच्या ठेवणीची होती, आणि ती जास्त मजेशीर आहे. मराठीत झाडाला काहीतरी येतं. झाडाला पालवी फुटते, मोहर येतो, फळ लागतं. इंग्रजीत बहुतेक वेळा झाडच काहीतरी करतं किंवा कशाच्या तरी आत असतं. ते 'इन बड' असतं, 'इन लीफ' असतं, 'इन ब्लॉसम' असतं. ते 'कम्स इन्टू लीफ', मग 'सेट्स फ्रूट', मग 'बेअर्स फ्रूट', आणि शेवटी 'शेड्स इट्स लीव्ह्ज'. आम्ही मराठी वाक्याला इंग्रजी शब्दांचे कपडे चढवले आणि फुलांना झाडाकडे चालत यायला लावलं. आपली मुलं नेमकी उलटी चूक करतात. 'झाडाने पानं टाकली', 'झाडाने फुलं केली' अशी वाक्यं आपल्या वर्गातल्या वह्यांत दर आठवड्याला सापडतात. आपण त्यांना हसतो. आमचं वाक्य ऐकून शेजारच्या आजी मोठ्यानं हसल्या नाहीत, एवढाच फरक.

खरे शब्द आम्हाला भेटले ते कॅस्केड डोंगरांच्या पलीकडे. अमेरिकेत पिकणाऱ्या सफरचंदांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या वॉशिंग्टन राज्यात पिकतात, आणि त्यांतली बहुतेक डोंगरांच्या पूर्वेला, याकिमा आणि वेनाची या भागांत. वेनाचीला वसंतात सफरचंदाच्या ब्लॉसमचा उत्सव भरतो. एका एप्रिलमध्ये आम्ही मुलांना घेऊन त्या बाजूला गेलो होतो. एका बागेच्या मालकाशी बोलताना आमच्या थोरल्यानं विचारलं, "आर दे इन ब्लॉसम नाऊ?" ते म्हणाले, "द लोअर ब्लॉक इज ॲट किंग ब्लूम, द अपर वन इज स्टिल पिंक." आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मग त्यांनी एक फांदी ओढून दाखवली. मुलांनो, तुम्हीही हे नीट वाचा, कारण हे शब्द तुमच्या शाळेत कदाचित कोणी शिकवणार नाही.

थंडी सरता सरता कळी फुगते आणि तिच्या टोकाशी चांदीसारखी लव दिसते. ही 'सिल्व्हर टिप'. मग पानाचं हिरवं टोक डोकावतं, ती 'ग्रीन टिप'. ते टोक अर्धा इंच वाढलं की 'हाफ इंच ग्रीन'. पानं जरा बाजूला होतात आणि मध्ये फुलांच्या कळ्यांचा घट्ट झुबका दिसतो, तो 'टाइट क्लस्टर'. कळ्या सुट्या होऊन गुलाबी दिसू लागल्या की 'पिंक'. एका झुबक्यात साधारण पाच-सहा कळ्या असतात. त्यातली मधली आधी उमलते आणि बहुधा तिचंच फळ सगळ्यात मोठं होतं. म्हणून ती 'किंग ब्लूम', म्हणजे राजाफूल म्हणा ना. सगळी उमलली की 'फुल ब्लूम'. पाकळ्यांचा सडा पडू लागला की 'पेटल फॉल'.

एका महिन्या-दीड महिन्यासाठी इतकी नावं! आम्ही विचारलं, एवढी कशाला? मालकांनी पारा दाखवला. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीनं बागायतदारांसाठी केलेला एक तक्ता आहे. कळी सिल्व्हर टिपला असताना अर्धा तास १५ अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली ९ सेल्सियसपेक्षाही थोडी जास्त थंडी पडली, तरी शंभरातल्या दहाच कळ्या मरतात. फुल ब्लूमला दहा मरायला २८ अंश फॅरनहाइट पुरतात, म्हणजे शून्याखाली जेमतेम दोन सेल्सियस. आणि पारा २५ फॅरनहाइटला उतरला तर शंभरातली नव्वद फुलं जातात. म्हणजे झाड आज कुठल्या नावाशी आहे यावर ठरतं की रात्री झोपायचं की उठून पंखे लावायचे. त्या बागांत उंच खांबांवर विमानाच्या पंख्यासारखे मोठे पंखे असतात. वरची उबदार हवा ते खाली ढकलतात. मधमाश्यांच्या पेट्या केव्हा आणायच्या, केव्हा हलवायच्या आणि फवारणी केव्हा करायची, तेही याच नावांवर ठरतं.

तेव्हा आम्हाला आजोबांची आठवण झाली. मळभ आलं की ते अस्वस्थ होतात, कारण मोहरावर तुडतुडे आणि भुरी पडते. तेही सकाळी उठून झाडाकडे बघतात आणि त्यांच्याकडेही नावांची अशीच उतरंड आहे. मोहर फुटला. कणी धरली. वाटाण्याएवढी झाली. सुपारीएवढी झाली. कैरी झाली. कोय धरली. पाड लागला. मग आंबे उतरवून गवतात अढी घालायची. ज्याचं वर्षाचं पोट झाडावर अवलंबून असतं त्याला 'फूल आलं, फळ आलं' एवढ्यावर भागत नाही, मग तो वेनाचीचा असो की राजापूरचा.

पण नावांच्या या दोन माळा एकीवर एक ठेवून बघा, मणी जुळत नाहीत. सिल्व्हर टिपला मराठी शब्द शोधून काय करणार? आंब्याचं झाड खराटा होतच नाही, ते बारा महिने हिरवं. सफरचंदाच्या अनेक जातींना आठशे-हजार तासांच्या आसपास थंडी मिळाल्याशिवाय नीट जागच येत नाही. आंब्याला बर्फ सोसत नाही, पण कोकणातल्या हापूसला मोहर यायला थोडी गार रात्र लागतेच. दोन्ही झाडं थंडीची वाट बघतात, पण आपापल्या परीनं. उलट बाजूनं बघा. 'पाडाचा आंबा' इंग्रजीत एका शब्दात कसा सांगणार? तो झाडावर पिकू लागलेला असतो, पण पुरता पिकलेला नसतो. चिंच 'गाभुळलेली' असते, म्हणजे अर्धी आंबट, अर्धी गोड, टरफलापासून सुटू लागलेली. हा शब्द नुसता उच्चारला तरी आमच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि 'हाफ राइप' म्हटलं तर कोणाच्याही सुटत नाही. सीताफळाचे डोळे उघडतात. केळ निसवते. डाळिंबाला पाण्याचा ताण देऊन बहार धरतात, आणि आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार यांतला कुठला धरायचा ते शेतकरी ठरवतो. हे शब्द त्या त्या फळाचे आहेत. ते सगळ्या फळांना सारखे लावता येत नाहीत.

आता उन्हाळ्याकडे या. पाकळ्या पडल्यावर फुलाच्या मागे बारीक गाठ राहते आणि वाढू लागते. त्याला 'फ्रूट सेट' म्हणतात. 'द ट्री हॅज सेट वेल' म्हणजे फळ चांगलं धरलंय. पुढे काही आठवड्यांनी, बहुधा जूनमध्ये, झाड आपणहून बरीच लहान फळं गाळतं. हा 'जून ड्रॉप'. पहिल्या वर्षी आम्ही घाबरलो होतो, रोग पडला म्हणून औषध आणायला निघालो होतो. रोग नव्हता. जेवढी फळं पोसता येतील तेवढीच झाड ठेवतं, आणि ज्या फळांत बिया कमी धरल्या आहेत ती आधी गळतात. मुलांनो, सफरचंद आडवं कापून बघा. पाच कप्पे दिसतील आणि प्रत्येकात साधारण दोन बिया. वाकडंतिकडं सफरचंद मिळालं तर तेही कापा आणि कमी फुगलेल्या बाजूच्या बिया मोजा. उरलेल्या झुबक्यांतली फळं माणूस हातानं कमी करतो, त्याला इंग्रजीत 'थिनिंग' आणि आपल्याकडचे बागायतदार 'विरळणी' म्हणतात. हा एक मणी मात्र बरोबर जुळतो.

ऑगस्टपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत इथे तोडणी चालते. वाऱ्यानं खाली पडलेलं फळ म्हणजे 'विंडफॉल'. त्यावरूनच न मागता मिळालेल्या पैशाला विंडफॉल म्हणू लागले. भारत सरकारनं २०२२ मध्ये कच्च्या तेलाच्या नफ्यावर जो 'विंडफॉल टॅक्स' लावला आणि २०२४ मध्ये उठवला, त्याचं नाव मुळात झाडाखालून आलेलं आहे. एक वर्ष झाड वाकेपर्यंत फळतं आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतं, त्याला इथले बागायतदार 'ऑन इयर' आणि 'ऑफ इयर' म्हणतात. हापूसची हीच तऱ्हा आजोबांनी आम्हाला लहानपणीच सांगितली होती.

मग पानं रंगतात. इंग्रजीत पानं 'टर्न' होतात, मराठीत पान 'पिकतं'. फळ पिकावं तसं पानही पिकतं, आणि म्हाताऱ्या माणसाला आपण 'पिकलं पान' म्हणतो. पानं गळतात तो ऋतू इथे 'फॉल'. हा शब्द अमेरिकेत जन्मलेला नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात 'फॉल ऑफ द लीफ' म्हणत आणि तसंच 'स्प्रिंग ऑफ द लीफ'ही म्हणत. पान उसळून येतं तो स्प्रिंग, पान पडतं तो फॉल. इथे वसायला आलेल्या लोकांनी 'फॉल' सोबत आणला आणि जपला. इंग्लंडमध्ये मात्र 'ऑटम'च राहिला. घर सोडून गेलेल्यांनी जुना शब्द सांभाळावा आणि घरच्यांनी विसरावा, हे आपल्याला ओळखीचं वाटतं, नाही का?

शेवटी झाड पुन्हा 'बेअर'. इंग्रजीत लिहिताना दोन स्पेलिंगं आहेत. उघडं ते वेगळं आणि फळ धरणं ते वेगळं. अस्वलाचं स्पेलिंग फळ धरण्याचंच. देवनागरीत लिहिलं तर तिन्ही 'बेअर' सारखेच. आणि आमच्या उपनगरात शरद ऋतूत खाली पडलेली सफरचंदं वेळेवर उचलावी लागतात, कारण त्यांच्या वासानं खरंच अस्वलं येतात. आजोबा अगदीच चुकले नव्हते.

हा लेख लिहितोय असं कळल्यावर दोन मित्रांनी आधीच हरकती घेतल्या. त्या रास्त आहेत, म्हणून उत्तर देतो.

पहिली हरकत अशी. मुलं आठवडाभर इंग्रजीच बोलतात. रविवारचे दोन तास मराठीचे. त्यात इंग्रजी शब्दांना जागा कशाला? आम्हालाही आधी हेच वाटायचं. पण गेल्या वर्षीच्या निबंधाच्या वह्या आठवा. विषय होता 'माझे आवडते झाड'. जवळजवळ सगळ्यांनी आंबा लिहिला. आंब्याचे झाड मोठे असते. ते आपल्याला सावली देते. त्याला गोड फळे येतात. एकाही वहीत मोहराचा वास नव्हता, कारण आपली मुलं भारतात जातात ती जुलैत नाहीतर डिसेंबरच्या सुट्टीत, आणि भर मोहर किंवा झाडावरचा पाड बहुतेकांनी पाहिलेला नाही. त्यांनी न पाहिलेल्या झाडावर दहा ओळी लिहिल्या, आणि रोज स्कूलबसमधून दिसणाऱ्या झाडावर एकही नाही. मराठी हे न पाहिलेल्या गोष्टींबद्दल लिहायची भाषा आहे, असंच आपण त्यांना नकळत शिकवतोय. मुलाला आधी झाड दिसलं पाहिजे. इंग्रजी नाव आधी कळलं तर कळू द्या, पण बघणं तरी सुरू होईल.

याच वह्यांबद्दल आमची एक कबुली आहे. त्या वर्षी वह्या तपासायची पाळी आमची होती. आमच्याच धाकटीनं लिहिलं होतं, 'आमच्या सफरचंदाला मोहर आला.' आम्ही लाल पेननं 'मोहर' खोडला आणि वर 'बहर' लिहिलं. तिनं विचारलं, "का?" आम्ही म्हणालो, "मोहर आंब्याला येतो." तिनं वही मिटली आणि त्यानंतर कित्येक महिने झाडाबद्दल मराठीत काही लिहिलं नाही. पुढे हे आजोबांना सांगितलं तर ते आमच्यावरच उखडले. "काजूला आम्ही मोहरच म्हणतो की. मग तिच्या सफरचंदानं काय पाप केलंय? पोरीनं एक शब्द स्वतःहून उचलला तो तुम्ही काढून घेतलात!" शब्दकोशाच्या बाजूनं आम्ही कदाचित बरोबर असू. पण आजोबांचं म्हणणं आम्हाला पटलं. पोरीनं झाड बघितलं होतं आणि मग शब्द शोधला होता. आम्ही झाड न बघता शब्द तपासला.

दुसरी हरकत अशी. मुलं डॉक्टर होतील, इंजिनिअर होतील. शेतकऱ्याचे शब्द घेऊन करायचंय काय? या मित्रांना आमच्या ऑफिसात एक दिवस आणून बसवायला हवं. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बागच चालू असते. सोपं काम आधी उरका म्हणायचं तर 'लो हँगिंग फ्रूट'. हवा तेवढाच बदल उचलायचा तर 'चेरी पिक'. प्रोग्रामची शाखा म्हणजे 'ब्रँच'. माहितीचं झाड करायचं तर त्याला 'रूट' आणि 'लीफ', नको असलेला भाग छाटायचा तर 'प्रूनिंग'. आमचं झाड उलटं असतं, मूळ वर आणि पानं खाली, तरी शब्द झाडाचेच. एखादी कल्पना सुरुवातीलाच मारायची तर 'निप इट इन द बड'. उशिरा चमकलेला माणूस 'लेट ब्लूमर'. मराठीतही तेच. कष्ट फळाला येतात, संसार बहरतो, आशेला पालवी फुटते, कौतुकानं माणूस मोहरून जातो. मुळातलं झाड ठाऊक नसेल तर ही वाक्यं पाठ करावी लागतात. ठाऊक असेल तर ती आपसूक समजतात.

म्हणून एक सूचना मांडतो. शिक्षिका बाईंशी बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही. प्रत्येक मुलानं घराजवळचं एक फळझाड निवडावं. सफरचंद, चेरी, नासपती, प्लम, काहीही. स्वतःचं नसलं तर शेजाऱ्याचं, त्यांना विचारून. एक वही करावी. दर दोन आठवड्यांनी झाडासमोर उभं राहून डाव्या पानावर इंग्रजीत एक वाक्य लिहावं आणि उजव्या पानावर मराठीत एक. डावीकडचं वाक्य उजवीकडे भाषांतर करून लिहायचं नाही. दोन्ही वेळा झाडाकडेच बघायचं. शब्द अडला तर इंग्रजीसाठी शेजाऱ्यांना विचारा आणि मराठीसाठी भारतात फोन करा. पालकांनो, तुम्हीही अडलात तर मुलासमोर कबूल करा की अडलो. आम्ही केलं, काही बिघडलं नाही. आणि पहिलं वर्ष वहीत लाल पेन चालवायचं नाही.

आमच्या धाकटीची वही मार्चमध्ये सुरू झाली. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी नेहमीसारखा फोन लावला. आजोबांनी विचारायच्या आधीच तिनं सांगायला सुरुवात केली. "आजोबा, मधलं राजाफूल उमललंय. बाकीच्या कळ्या अजून गुलाबी आहेत, मुठीसारख्या मिटलेल्या."

"मधलं आधी? आणि बाजूची मागनं?"

"हो, आणि त्याचं ॲपल सगळ्यात मोठं होणार."

"असं होय! मग गळ केव्हा होते तुमच्याकडे?"

"जूनमध्ये."

"आमची केव्हाच झाली बघ, वाटाण्याएवढी होती तेव्हाच. आता पाड लागलाय. काल पहिली अढी घातली." मग अढी म्हणजे काय, गवत कुठलं, आंबा किती दिवसांनी पिकतो, मधूनमधून उघडून बघायचं की नाही, असं सगळं निघालं. आम्हाला फोन मिळाला तो अर्ध्या तासानं, आणि तोही आजोबांना आंघोळीला जायचं होतं म्हणून.

पुढच्या रविवारी वर्गात येताना प्रत्येकानं कोरी वही आणावी. आणि येता येता वाटेत दिसलेल्या एका झाडाला काय आलंय ते बघून यावं. 'काही नाही' हे उत्तर चालणार नाही.